जालन्याच्या शिवारातील उत्क्रांती



2017 सालच्या खरिपात या जिल्ह्यातील, आणि या जिल्ह्यातीलच नव्हे तर अवघ्या मराठवाड्या-विदर्भातील कपाशीच्या शेतांत जे घडले, ते उत्क्रांतीशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरण म्हणून घालावे अशा योग्यतेचे होते. परंतु ज्या शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत ते घडले त्याला ते नुकसानीच्या पंचनाम्याच्या रूपाने दिसले, तहसील कचेरीला ते अर्जांच्या गठ्ठ्यांच्या रूपाने दिसले, आणि ज्यांनी त्याकडे जीवसृष्टीच्या इतिहासातील एक जिवंत घटना म्हणून पाहावयास हवे होते त्या आमच्या महाविद्यालयांतील जीवशास्त्राच्या विभागांना ते बहुतांशी दिसलेच नाही. आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, म्हणजे वनस्पती, प्राणी आणि कवके या तिन्ही सृष्टींना एकत्र घेऊन चालणारे उत्क्रांतीशास्त्रातील पदव्युत्तर संशोधन, त्याची गरज मला याच घटनेने पटवून दिली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेऊन शिकवीत असत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांच्या त्या रीतीस अनुसरून मीही आपणांस प्रथम शिवारातच नेतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस कपाशीच्या फुलांकडे बारकाईने पाहिले, तर त्यांतील काही फुले उमलतच नाहीत. पाकळ्या परस्परांना रेशमासारख्या धाग्यांनी चिकटलेल्या असतात आणि फूल मिटलेल्या गुलाबकळीसारखे दिसते. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. तिच्या आत गुलाबी बोंडअळीची पहिली पिढी वाढत असते. पुढची पिढी थेट हिरव्या बोंडात शिरते, आणि शिरताना पाडलेले सूक्ष्म छिद्र बोंड वाढते तसे आपोआप बुजून जाते, त्यामुळे बाहेरून बोंड निरोगी, टपोरे, वेचणीची आशा दाखविणारे दिसते. परंतु नखाने ते उकलले की आतला पांढरा धागा पिवळसर, डागाळलेला निघतो आणि कोवळ्या सरकीचा गर खाऊन संपविलेली, पाठीवर गुलाबी झाक असलेली अर्ध्या इंचाहून लहान अळी आत स्वस्थ वळवळताना आढळते. फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ही अळी आपल्याकडे परमुलखातून आलेली नाही. 1842 साली भडोचच्या कपाशीवर मिळालेल्या नमुन्यांवरूनच साँडर्स या इंग्रज कीटकतज्ज्ञाने दुसऱ्या वर्षी तिचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा ती भारताच्या कपाशीची जुनी सोबतीण आहे, आणि तिच्याशी आपला जो व्यवहार झाला तो आपल्याच अंगणात झाला आहे.

या व्यवहाराचा एक पक्ष जालना शहर आहे, ही गोष्ट येथे सांगणे अगत्याचे आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे आपणां सर्वांना परिचित असलेली महिको, स्थापन केली. पुढे 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बियाण्यांच्या व्यापारात जालन्याचे नाव देशभर झाले. मार्च 2002 मध्ये केंद्र शासनाने ज्या पहिल्या तीन बीटी कपाशीच्या संकरित वाणांना परवानगी दिली, ते तिन्ही वाण महिकोचे होते. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे, अळीच्या आतड्यास विघातक असे प्रथिन तयार करणारे जनुक कपाशीच्या पेशीत बसविलेले हे वाण होते. 2006 साली त्यात दुसऱ्या विषाचे जनुक असलेल्या वाणांची भर पडली. आरंभीची काही वर्षे बोंडअळी जवळजवळ दिसेनाशी झाली. त्यानंतर 2010 साली गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांतील गुलाबी बोंडअळी पहिल्या विषास दाद देत नाही असे जाहीर झाले, काही वर्षांतच दुसरे विषही निष्प्रभ ठरले, आणि 2017 साली ते संकट आपल्या बांधापर्यंत आले. पंधरा वर्षांत अळीने दोन विषांचा प्रतिकार साधला.

हे कसे घडले याचा तपशील सावकाशीने पाहण्यासारखा आहे, कारण उत्क्रांतीचे सारे मर्म त्यात आहे. पहिल्या विषाचा रेणू अळीच्या आतड्याच्या पेशींवर असलेल्या कॅडेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, आणि तेथून त्याचे घातक कार्य सुरू होते. लक्षावधी अळ्यांमध्ये एखाद्या अळीत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो, आणि विषाला चिकटावयास जागाच राहत नाही. विष नसते तर हा बिघाड तिच्या काही उपयोगाचा नव्हता. विषाच्या सान्निध्यात मात्र तोच तिचा प्राण वाचवितो. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांच्या जनुकांचे विश्लेषण 2014 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या एकाच जनुकात निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या प्रकारचे बिघाड आढळले. म्हणजे एका अळीने शोधून काढलेली युक्ती सर्वत्र पसरली असे नव्हे, तर एकच मार्ग अनेक वंशांना स्वतंत्रपणे गवसला असा याचा अर्थ होतो. अळीने काही शोधले नाही आणि काही ठरविलेही नाही. जे बिघाड तिच्यात आधीपासून होते त्यांतून आपल्या पिकाने निवड केली. ती निवड करणारा हात आमचाच होता, आणि तो सलग पंधरा हंगाम चालत राहिला.

हा धोका शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हता असे कोणी समजू नये. प्रतिकाराचे जनुक बहुधा अप्रभावी असते. म्हणजे ते दोन्ही पालकांकडून मिळाले तरच अळी वाचते, एकाकडून मिळाल्यास मरते. म्हणून बीटी कपाशीभोवती साध्या कपाशीचा आश्रय पट्टा लावावा, त्यावर विषाने मरणाऱ्या पतंगांची विपुल संतती वाढावी, आणि बीटीवर कुठे एखादा प्रतिकारक्षम पतंग वाचलाच तर त्याचा जोडीदार या सर्वसाधारण पतंगांतूनच मिळावा, म्हणजे त्यांची पिल्ले पुन्हा विषाने मरतील, अशी ती योजना होती. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची पुडी त्यासाठीच येत असे. ती पुडी किती शेतांत पेरली गेली आणि किती ठिकाणी बांधावर फेकली गेली हे आपण सर्व जाणतो. परंतु ज्या अल्पभूधारकाला दोन एकरांत वर्षाचा प्रपंच भागवावयाचा आहे, त्याने अळीच्या हितासाठी पाच ओळी सोडाव्यात ही अपेक्षा शास्त्रदृष्ट्या बिनचूक असली तरी माणसाच्या परिस्थितीचा विचार करता अपुरी होती, असे माझे मत आहे. त्यातच फरदड ठेवण्याची चाल पडली. डिसेंबरनंतरही पाणी देऊन पऱ्हाटी उभी राहिली, आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत अखंड अन्न मिळत गेले.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत अधिक विचारप्रवर्तक वाटते. जगातील बहुतेक देश कपाशीची सरळ वाणे पेरतात. भारतात मात्र जवळजवळ सर्व बीटी कपाशी संकरित आहे. संकरित झाडात विषाचे जनुक एकाच पालकाकडून आलेले असते, म्हणून मेंडेलच्या नियमाप्रमाणे त्याच्या बोंडातील सरकींपैकी साधारणतः एक चतुर्थांश सरकींत ते जनुकच नसते. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. तेव्हा एकाच बोंडात विषारी आणि निर्विष सरकी शेजारी शेजारी असलेल्या भोजनगृहात तिची वाढ झाली, आणि अर्धवट विषाच्या सहवासात अर्धवट प्रतिकारक्षम अळीही जगून गेली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी या धोक्याकडे वारंवार लक्ष वेधले होते. याउलट चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी संकरित कपाशीची दुसरी पिढी पेरली. तेथे हेच एक चतुर्थांशाचे प्रमाण बोंडात न राहता शेतातील स्वतंत्र झाडांत आले, प्रत्येक चार झाडांत एक झाड निर्विष झाले, आपोआप आश्रय पट्टा तयार झाला, आणि गुलाबी बोंडअळीचा वाढत चाललेला प्रतिकार पुन्हा खाली आला. 2017 सालीच हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आपल्याकडे पंचनामे चालू होते. मेंडेलच्या एकाच नियमाचा एका देशात शाप झाला आणि दुसऱ्या देशात वर झाला. अमेरिकेतील ॲरिझोनात आश्रय पट्टे आणि नंतर निर्बीज केलेल्या पतंगांचे सोडणे या दोहोंच्या योगाने ही अळी नाहीशी झाली, आणि 2018 साली अमेरिकेने आपला मुलूख तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

आता एक प्रश्न असा उद्भवतो की, कपाशीचा दुसरा मोठा शत्रू, ती हिरवी अमेरिकन बोंडअळी, तिने याच काळात असा सर्वत्र प्रतिकार का साधला नाही? याचे उत्तर कपाशीच्या शेतात नसून शेजारच्या तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतात आहे. ही अळी तुरीच्या शेंगा पोखरते, हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून राहते, टोमॅटो, ज्वारी, सूर्यफूल काहीच वर्ज्य मानीत नाही. त्यामुळे तिच्यासाठी सारे शिवारच आश्रय पट्टा झाले, आणि तुरीवर वाढलेले असंख्य साधे पतंग दरवर्षी प्रतिकारक्षम पतंगांशी मिसळत राहिले. गुलाबी बोंडअळीला मात्र कपाशीखेरीज फारसा आसरा नाही. म्हणजे कपाशीवरच्या एका कीटकाच्या उत्क्रांतीचे कारण शोधावयाचे तर तुरीच्या पिकाचे क्षेत्र, कपाशीच्या संकराचे आनुवंशिक स्वरूप, बियाण्याच्या बाजाराची रचना आणि शेतकऱ्याची निकड, इतके सर्व एकाच वेळी हातात घ्यावे लागते.

तुरीचे नाव निघाले म्हणून बदनापूरकडे वळतो. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने, जे परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अंमलाखाली आहे, तुरीची अनेक वाणे दिली. लवकर येणारे बीडीएन 711 हे वाण आज मराठवाड्याबाहेरही माहीत आहे. तुरीचा मुख्य रोग मर. भर फुलोऱ्यात आलेले झाड दोन-चार दिवसांत माना टाकते, आणि खोडाची साल सोलली तर आतील काष्ठावर काळसर उभ्या रेघा दिसतात. त्या रेघांतून फ्युझेरियम उडम नावाचे कवक झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत चढलेले असते. बटलर या शास्त्रज्ञाने पुसा येथे काम करीत असताना 1910 साली त्याला हे नाव दिले. हे कवक पिकाच्या धसकटांवर जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, त्याचे निरनिराळे प्रभेद आहेत, आणि एका जिल्ह्यात मर न होणारे वाण दुसऱ्या जिल्ह्यात बळी पडते. बियाणे तयार करणारा आणि कवक यांच्यात कपाशी आणि अळीप्रमाणेच एक अखंड झुंज चालू आहे. फरक इतकाच की अळी डोळ्यांनी दिसते, आणि कवक जमिनीखाली निःशब्द असल्यामुळे त्याच्या प्रत्येक विजयाचे श्रेय आपण पावसाला किंवा नशिबाला देतो. तुरीचा मूळ रानटी पूर्वज मध्य-पूर्व भारतातील आहे. तिचे काही रानटी भाऊबंद आजही पडीक जमिनीत आणि झुडपांत सापडतात, आणि त्यांपैकी एकाच्या शेंगांवरील दाट लव शेंगा पोखरणाऱ्या अळीला अटकाव करते. ही लव कशाची खूण आहे, ती कोणत्या शत्रूविरुद्ध आणि कोणत्या काळात आली, आणि माणसाने तूर घरात आणताना ती का गमावली, हा बदनापूरच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पीएच.डी.चा पुरेपूर विषय आहे.

आमच्या विद्यापीठांत मात्र हा विषय घेऊन तो कोणत्या विभागात जाईल, हे सांगता येत नाही. वनस्पती वनस्पतीशास्त्राकडे, अळी प्राणिशास्त्राकडे, कवक बिचारे सवयीने वनस्पतीशास्त्राच्या पदरी (जरी वंशावळीने ते झाडांपेक्षा प्राण्यांच्या अधिक जवळचे असल्याचे आता निर्विवाद ठरले आहे), आणि बीज कृषी विद्यापीठाकडे, अशी जुनी वाटणी चालत आली आहे. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी मिळाले. तत्पूर्वी निजामी अंमलात येथील विद्यार्थ्याला पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम दीर्घकाळ उर्दू होते. एवढ्या उशिराने मिळालेल्या विद्यापीठाने जुन्या इलाख्यांतील विद्यापीठांची विभागवाटणी जशीच्या तशी घेतली यात त्याचा दोष नाही. परंतु उत्क्रांती ही या वाटणीच्या प्रत्येक सीमेवर घडते, हे ओळखण्याची वेळ आता आली आहे. ज्या पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षांची आहे, तिच्यातील दोन वर्षे मार्गदर्शक कोणत्या विभागाचा असावा या दरखास्तींत गेली तर विद्यार्थी शेतात कधी जाणार?

आपली परंपरा तशी दरिद्री नाही. माधव गाडगीळ पुण्याहून हार्वर्डला गेले, आणि 1969 साली गणितीय परिस्थितिशास्त्रावर त्यांनी पीएच.डी. मिळविली, पुढच्याच वर्षी त्यांनी विल्यम बॉसर्ट यांच्यासह लिहिलेल्या निबंधात, काही जीव आयुष्यात एकदाच भरभरून प्रजनन करून का मरतात आणि काही थोडे थोडे वर्षानुवर्षे का करीत राहतात, या प्रश्नाची मांडणी केली. आपल्या बांधावरची घायपात आयुष्यात एकदाच उंच दांडा उभारून फुलते आणि वाळून जाते, आणि शेजारचे लिंबाचे झाड दरवर्षी फळते. त्या दोघांचा हिशेब या निबंधात आहे. गोव्याच्या कोसबेन गावी 1907 साली जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी, ज्यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, 1940 नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असतानाच, गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र दिले. कोणत्याही पिकाचा जनुकीय नकाशा तयार करताना आजही त्यांच्या नावाचे हे सूत्र जगभर वापरले जाते, आणि बियाण्यांच्या या शहरातील प्रयोगशाळांत काम करणाऱ्या तरुणाला त्याची ओळख असणारच. हे सूत्र ज्यांचे आहे त्यांच्या चरित्राची ओळख मात्र त्याला असावी, अशी माझी फार इच्छा आहे.

1957 साली हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले, आणि 1964 साली भुवनेश्वरात देह ठेवणारे आनुवंशिकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचा मोठा आग्रह असा असे की, भारतातील तरुणांनी खर्चिक यंत्रांची वाट न पाहता भोवतालच्या सृष्टीत मोजता येईल ते मोजावे. त्यांच्यासह काम करणाऱ्या सुरेश जयकर यांच्या सहकार्याने 1963 साली त्यांनी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. परिस्थिती दरवर्षी बदलत असेल, एका वर्षी एक वाण फायद्याचे आणि दुसऱ्या वर्षी दुसरे, तर दीर्घकाळात कोण टिकेल, हा त्याचा प्रश्न. सरासरीचा हिशेब येथे फसवा आहे, असे ते दोघे दाखवितात. एका वर्षी चौपट आणि पुढच्या वर्षी दशांश अशी वाढ होत गेली तर बेरजेची सरासरी भरघोस दिसते, परंतु दोन वर्षांचा गुणाकार एकापेक्षा कमी राहतो आणि वंश हळूहळू संपतो. 1972 च्या दुष्काळाची आठवण ज्या घरांत अजून ताजी आहे, त्या मराठवाड्यात या गणिताला स्पष्टीकरणाची गरज नाही. पावसाच्या वर्षी उंच वाढणारे आणि कोरड्या वर्षी तग धरणारे असे दोन्ही गुण एकाच रानात का टिकून राहतात, याचे उत्तर ज्या सिद्धांतात आहे तो सिद्धांत आमच्या पावसाच्या लहरी स्वभावावर पडताळून पाहणारा विद्यार्थी मला अद्याप भेटलेला नाही. तो भेटावा, म्हणून मी आज हे बोलत आहे.

यंत्रसामग्रीच्या अभावाची सबब पुढे करणाऱ्यांना मी उंबराच्या झाडाखाली घेऊन जाईन. ओढ्याकाठी पिकू लागलेले एक उंबर हातात घेऊन मधोमध चिरावे. आत शेकडो सूक्ष्म फुले भिंतीला लगटून असतात, आणि त्यांत राईच्या दाण्याहून लहान वरटे, म्हणजे गांधीलमाशीच्या जातकुळीतील कीटक, असतात. मादी बाहेरून उंबराच्या तोंडाशी असलेल्या खवल्यांच्या दाटीतून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटून जातात, बाहेर येण्याचा मार्ग तिला नसतो. ती आणलेले पराग फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या संततीतील नर पंखहीन, फिक्कट, अंधारातच जन्मून अंधारातच मरणारे. ते माद्यांना फलित करतात आणि उंबराच्या भिंतीतून भुयार कोरून त्यांना वाट मोकळी करून देतात, आणि नवे पराग घेऊन त्या माद्या दुसऱ्या झाडाच्या शोधात निघतात. उंबर आणि हा वरटा यांपैकी एकावाचून दुसऱ्याचा वंश चालत नाही. अंजीरवर्गीय झाडे आणि त्यांचे वरटे यांचा हा करार सुमारे साडेसात कोटी वर्षांचा असावा, असे जनुकीय पुराव्यांवरून दिसते. ज्या काळ्या पाषाणावर आपले जालना वसले आहे त्याचा लाव्हारस साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे हा करार आपल्या पायाखालच्या दगडाहूनही जुना आहे. या करारात घुसखोरही आहेत. परागसिंचन न करता बाहेरूनच लांबलचक सोंडेसारख्या अवयवाने उंबराची भिंत भेदून आतल्या वरट्यांच्या पिल्लांवर अंडी घालणारी दुसरी एक जात उंबरावर असते. तिच्या त्या अवयवाच्या टोकाला जस्ताचा अंश असून त्यामुळे ते टणक झालेले असते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2014 साली दाखविले. त्याच संस्थेत रेनी बोर्जेस यांनी उंबर आणि वरटे यांच्या संबंधांवर विद्यार्थ्यांसह दीर्घकाळ काम केले. जालन्याच्या ओढ्यांवर उंबर आहेत. परंतु ती उंबरे कोणत्या महिन्यात फळतात, कोणत्या घुसखोर जाती येथे आहेत आणि दुष्काळी वर्षी या छोट्या जिवांचे काय होते, याची नोंद ठेवण्यास एक चाकू, एक भिंग आणि एक वही लागते.

कवकांच्या संबंधाने वारुळांविषयी मला पुष्कळ बोलावयाचे होते, वेळेअभावी थोडक्यात आटोपतो. आपल्या शेतांतील वाळवी स्वतःच्या वारुळात कवकाची शेती करते. पहिल्या पावसानंतर वारुळाजवळ जी लांब देठाची अळंबी उगवते ती त्याच शेतीची आहे. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत एकदाच सुरू झाली, आणि ती धरलेल्या वाळवीच्या एकाही वंशाने पुढे ती सोडून दिल्याचे ज्ञात नाही. माणसाची शेती त्यापुढे अगदी कालची. त्या कालच्या शेतीचाही पुरावा या जिल्ह्यात आहे: भोकरदन, म्हणजे सातवाहनकालीन भोगवर्धन, येथील उत्खननात जळके दाणे मिळाले, आणि डेक्कन कॉलेजच्या मुकुंद काजळे यांनी त्यांचा अभ्यास 1974 साली प्रसिद्ध केला. ज्या गावच्या दात्यांची नावे सांची आणि भरहुत येथील शिलालेखांत कोरलेली आहेत, त्या गावच्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वीचे बी जपलेले आहे, ही गोष्ट भोकरदनच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावी.

2023 साली केंद्रीय पाठ्यक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा सिद्धांत वगळण्यात आला, आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याचा जाहीर निषेध केला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिले प्रकरण मात्र आनुवंशिकता व उत्क्रांती हेच आहे, आणि ते तसेच राहावे. परंतु ते प्रकरण शिकविताना जिराफाच्या मानेपाशी न थांबता वर्गात एक किडके बोंड आणले, तर विद्यार्थ्याला हे कळेल की उत्क्रांती ही परदेशी बेटांवर पूर्वी कधी घडून गेलेली गोष्ट नाही. ती त्याच्या वडिलांच्या शेतात गेल्या हंगामात घडली आहे आणि येत्या हंगामातही घडणार आहे.

म्हणून माझी विनंती तीन ठिकाणी आहे. विद्यापीठास माझी विनंती अशी की, एका विद्यार्थ्यास दोन विभागांतील आणि कृषी विद्यापीठातील असे मार्गदर्शक एकत्र घेता यावेत अशी तजवीज करावी, आणि त्याच्या मुदतीतील किमान तीन हंगाम शेतात जातील हे गृहीत धरावे. जिल्ह्यातील महाविद्यालयांस विनंती अशी की, वनस्पतीसंग्रह, कीटकपेट्या आणि कवकांचे वाळविलेले नमुने, गाव, तारीख आणि वाण यांच्या चिठ्ठीसह जपून ठेवावेत. कारण आज ठेवलेल्या अळीच्या जनुकांशी वीस वर्षांनंतरच्या अळीची तुलना करावयाची झाली, तर आजचा नमुना नसताना ती कोणत्याही यंत्राने करता येणार नाही. आणि येथे बसलेल्या शेतकरी बंधूंस विनंती अशी की, या हंगामात पऱ्हाटी उपटण्यापूर्वी शेवटच्या वेचणीची किडकी बोंडे, कोणत्या वाणाची आणि कोणत्या गटाच्या शेतातील ते लिहून, कागदाच्या पिशवीतून जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोहोचती करावीत.